कंठींचा ताल

आपल्या संगीताच्या इतिहासावर मराठींत जीं पुस्तकें झालीं, त्यांत तालाचें प्रकरण उघडलें म्हणजे तें बहुधा पखवाजापासून सुरू होतें आणि तबल्यापाशीं येऊन थांबतें. कोणत्या घराण्याची थाप खुली व कोणाची बंद, ठेका विलंबित केव्हां झाला, यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि तें लिहिण्याजोगें आहे यांत शंका नाहीं. परंतु ज्या गाण्यापाशीं वाद्यच नव्हतें, त्या गाण्याचा ताल कोण धरीत होतें, हा प्रश्न या प्रकरणांत सहसा येत नाहीं. वाद्य नाहीं म्हणजे ताल नाहीं, किंवा असलाच तर ओबडधोबड, असें गृहीत धरून लेखक पुढें जातो. या गृहीताविरुद्ध मराठवाड्याच्या भूमींतून दोन साक्षी काढतां येतात. एक साक्ष ग्रंथाची, देवगिरीच्या दरबारांतली. दुसरी जात्याची, नांदेड-लातूरकडील घराघरांतली. या दोन्ही साक्षी एकच गोष्ट सांगतात, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे, आणि तें मांडण्यासाठींच हा लेख.

हा प्रश्न आज उपस्थित करण्यास कारणहि घडलें आहे. अलीकडे महाविद्यालयांतील मुलांमुलींना एका नव्या गायनप्रकाराची गोडी लागली आहे. पांच-सात जण उभे राहतात. जवळ पेटी नसते, तबला नसतो. एकजण खर्जांत गुणगुणतो, एकजण ओठांनीं व जिभेनें ढोलाचे ठोके काढतो, दोघे-तिघे मधले सूर भरतात आणि एखादी मुलगी गाणें म्हणते. पाश्चात्त्य देशांत याला 'अ कॅपेला' म्हणतात. शब्द इटालियन आहे. 'प्रार्थनामंदिराच्या रीतीनें' असा त्याचा अर्थ. रोम येथें पोपच्या सिस्टाइन मंदिरांत ऑर्गनची साथ नसे, केवळ कंठांनीं गाण्याची शिस्त होती. त्या रीतीचें हें नांव. पुढें अमेरिकेंतील विद्यापीठांत या प्रकाराला निराळें, खेळकर वळण लागलें. १९९६ सालीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनीं 'पेन मसाला' नांवाचा मेळा उभारला व हिंदी गाणीं याच रीतीनें म्हणण्यास आरंभ केला. आमच्या मुलांनीं हें सारें पडद्यावर पाहिलें आणि उचललें. उचललें यांत गैर कांहींच नाहीं. मात्र तोंडानें ताल धरण्याची विद्या कोठून आणलीस, असें त्यांपैकीं एखाद्याला विचारावें, तर तो न अडखळतां 'अमेरिकेंतून' असें सांगतो. त्याच्या आजीला मात्र कोणी कांहीं विचारीत नाहीं.

अशा मेळ्यांत ऐकणाऱ्याचें सारें लक्ष तोंडानें ठोके काढणाऱ्याकडे जातें आणि टाळ्याहि त्यालाच पडतात. परंतु ताल घट्ट बसला आहे कीं नाहीं, हें त्याच्यावर फारसें अवलंबून नसतें. सर्वांनीं एका शब्दाचा पहिला वर्ण एकाच क्षणीं उच्चारला नाहीं, तर ठोका कितीहि चोख असो, गाणें पसरट वाटतें. शेवटचा स्वर कोणी आधीं सोडला, कोणी मागून सोडला, तरी तेंच. सर्वांनीं एकाच जागीं दम घेतला तर तेथें खळगा पडतो, आणि त्या खळग्यांतून वर येईपर्यंत पुढची सम निघून गेलेली असते. तबलजी जवळ असला म्हणजे हे खळगे तो बुजवून टाकतो, म्हणून ते कोणाच्या लक्षांत येत नाहींत. वाद्य दूर केलें कीं सारे उघडे पडतात. तेव्हां वाद्यावांचून गाणाऱ्यांनीं ताल कसा धरावा, याचें उत्तर एखादा जबर ठोकेवाला शोधण्यांत नसून एकमेकांचे खळगे भरण्यास शिकण्यांत आहे. आणि हेंच उत्तर सुमारें पावणेआठशें वर्षांपूर्वीं मराठवाड्यांत लिहून ठेवलेलें सांपडतें.

तो ग्रंथ म्हणजे शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर'. शार्ङ्गदेवाचें घराणें मूळचें काश्मिरांतलें. आजा भास्कर दक्षिणेंत आला, बाप सोढल यादवांच्या पदरीं राहिला, आणि शार्ङ्गदेव स्वतः सिंघण राजाच्या दरबारीं 'श्रीकरणाग्रणी', म्हणजे हिशेबखात्याचा मुख्य, होता. वैद्यकहि त्याला अवगत होतें. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत देवगिरीस, म्हणजे आजच्या दौलताबादेस, त्यानें सात अध्यायांचा हा ग्रंथ रचला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, या दोन्ही पद्धतींचे पंडित त्याला आधारग्रंथ मानतात. जमाखर्च पाहणाऱ्या माणसानें लिहिल्याची एक खूण त्यांत जागोजाग दिसते: मोजल्यावांचून तो पुढें जात नाहीं.

त्याच्या तिसऱ्या, प्रकीर्णक नांवाच्या अध्यायांत 'वृंद' हा विषय आला आहे. वृंद म्हणजे गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचा मेळा. उत्तम वृंदांत मुख्य गायक ४, त्यांना साथ देणारे समगायक ८, गायिका १२, बांसरीवाले ४ आणि मृदंगवाले ४ असावेत, असें तो सांगतो. मध्यम वृंद याच्या निम्मा. केवळ स्त्रियांच्या गायनाचाहि वृंद त्यानें वेगळा सांगितला आहे. त्याच्या उत्तम प्रकारांत मुख्य गायिका २, समगायिका १०, आणि बांसरी व मृदंग प्रत्येकीं २. वाचकांनीं हे आंकडे जरा निरखून पाहावेत. पहिल्या मेळ्यांत २४ कंठांमागें मृदंग अवघे ४ आहेत, दुसऱ्यांत १२ कंठांमागें २. म्हणजे दोन्हीकडे सहास एक. समूहगानाच्या स्पर्धांतून सहा मुलांच्या आवाजावर एक ढोलकी, एक ढोलक आणि वर विजेचा एक यांत्रिक ताल चढलेला ज्यांनीं ऐकला आहे, त्यांना या प्रमाणाची किंमत कळेल. उत्तमाहूनहि जो मेळा मोठा असेल त्याला शार्ङ्गदेव 'कोलाहल' म्हणतो. त्यानें हा शब्द थट्टेनें योजला नसावा. तो पारिभाषिकच आहे. तरीपण आमच्या उत्सवांतील मंडपांत बसून हा ग्रंथ वाचणाऱ्याला हसूं आल्यावांचून राहणार नाहीं.

मेळ्याची माणसें मोजून झाल्यावर तो मेळ्याचे गुण सांगतो, आणि ते सहा आहेत. मुख्य गायकाच्या मागोमाग जाणें. परस्परांत मिळून जाणें. ताल आणि लय यांना धरून चालणें. एकाचें जेथें तुटेल तेथें दुसऱ्यानें निभावून नेणें. मंद्र, मध्य व तार या तिन्ही स्थानांत पोंचण्याचें सामर्थ्य. आणि आवाजांचें परस्परसाम्य. या सहांतील एकहि गुण एकट्या माणसाचा नाहीं. कोणाचा गळा गोड आहे, कोणाची तान दाणेदार आहे, याचा विचार ग्रंथांत अन्यत्र सविस्तर आला आहे; येथें मात्र माणूस आणि माणूस यांच्यामधल्या जागेकडे ग्रंथकाराचें लक्ष आहे. चौथा गुण तर मला विलक्षण वाटतो. गाणाऱ्याचें कोठें तरी तुटणारच, हें शार्ङ्गदेव धरूनच चालतो. दम संपणार, शब्द विसरणार, सूर निसटणार. मेळा निर्दोष असावा असें न म्हणतां, तुटलेलें झांकतां यावें, असें तो म्हणतो. हिशेबनिसाला खात्यांतील तूट कशी भरून काढावी हें ठाऊक असतें, तशांतलाच हा प्रकार दिसतो. आजच्या पाश्चात्त्य गायनशिक्षकाला विचारलें तर तो आपल्या मेळ्याला हाच धडा देईल: सर्वांनीं एकदम दम घेऊं नका, शेजारी गात असतां घ्या, आणि आपण थांबलों होतों हें ऐकणाऱ्याला कळूं देऊं नका.

शिवाय हेंहि लक्षांत ठेवावें कीं, शास्त्रांतला ताल मुळांत चामड्याचा नव्हेच. तो हाताचा आहे. तालाध्यायांत शार्ङ्गदेव ज्या क्रिया सांगतो त्या हाताच्या आहेत, चार निःशब्द आणि चार सशब्द. टाळी, खाली हे आजचे शब्द त्याच कुळांतले. मृदंग त्या मोजणीला नटवितो; मोजणी त्याच्यावांचूनहि चालूं शकते. आमच्याकडे तबल्याचा विद्यार्थी बोल आधीं तोंडानें म्हणतो व मग बोटांवर उतरवितो. कथक नाचणारा आपले बोल वाद्यावर येण्यापूर्वीं 'पढंत' करून दाखवितो, आणि तामिळ देशांत तर 'कोन्नक्कोल' या नांवानें तोंडी बोलांचें एक स्वतंत्र शास्त्रच उभें आहे. तोंड आधीं, हात मागून, हा क्रम आमच्या रक्तांत इतका मुरला आहे कीं तो सांगण्यासारखा आहे हेंहि आम्ही विसरून गेलों.

आतां दुसऱ्या साक्षीकडे वळूं. दरबारांतून जात्याकडे जाण्यास वाट शार्ङ्गदेवानेंच करून ठेवली आहे. प्रबंधाध्यायांत तो ज्या किरकोळ प्रबंधांची यादी देतो, तींत 'ओवी' आहे, 'धवल' आहे आणि 'मंगल'हि आहे. धवल म्हणजे लग्नांतले धवळे. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत महानुभावांच्या महदंबेनें रचले ते याच जातीचे. शार्ङ्गदेवाच्याहि शंभर वर्षें आधीं कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें 'मानसोल्लास' नांवाचा विश्वकोशवजा ग्रंथ रचला, काळ इ. स. ११२९ च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. निलंग्याहून आग्नेयेस, आज कर्नाटकाच्या हद्दींत. महाराष्ट्रांतल्या स्त्रिया कांडतांना ओवी गातात, अशी नोंद सोमेश्वरानें करून ठेवली आहे. राजानें हत्ती, घोडे, पाककृति, चित्रकला, कुस्ती इतक्या विषयांवर लिहिलें, आणि तेवढ्यांत उखळापाशीं उभ्या असलेल्या बायकांचें गाणेंहि त्याच्या कानांवर आलें, ही मोठी नवलाची गोष्ट आहे.

कांडण हा शब्द येथें महत्त्वाचा. एका उखळांत दोघी, प्रसंगीं तिघी, आळीपाळीनें मुसळ घालतात. एकीचें मुसळ वर जातें तेव्हां दुसरीचें खालीं येतें. लयींत तिळभर चूक झाली तर मुसळावर मुसळ आपटून हाताला झिणझिण्या येतात. ताल चुकल्याची शिक्षा इतक्या तात्काळ देणारा दुसरा गुरु मिळणें कठीण. मुसळ खालीं येतांना छातींतून जो श्वास बाहेर फेंकला जातो, त्याचा 'हुं' असा आवाज होतो, आणि गाण्याच्या अक्षरांना त्या हुंकारांच्या मधल्या फटींतून वाट काढावी लागते. गाणें ठोक्यावर बसवीत नाहींत. तें श्वासाच्या फटींत बसवितात. ज्यांनीं हें ऐकलें असेल त्यांना तोंडानें ताल धरणें म्हणजे काय, हें वेगळें समजावून सांगणें नलगे.

जात्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. नांदेड-लातूरकडे भाकरी ज्वारीची, आणि ज्वारीचें पीठ फार दिवस टिकत नाहीं, म्हणून दळण नेमाचें. पहांटेच्या अंधारांत जात्याच्या दोन बाजूंना दोघी समोरासमोर बसत, सासू-सून किंवा जावा-जावा, आणि एकच खुंटा दोघींच्या हातीं असे. खुंटा एकीकडून ओढला जातो तेव्हां दुसरीकडून लोटला जातो. अर्ध्या फेऱ्याचा भार एकीवर, अर्ध्याचा दुसरीवर. एक ओवी सुरू करी, दुसरी ती उचली. आतां येथें नीट पाहावें. जी गात असते तिचा दम गाण्यांत जातो, त्यामुळें तिचा हात हलका पडतो. तेवढ्या वेळांत न गाणारी जातें जास्त ओढते. मग ओळ दुसरीकडे जाते आणि भार पहिलीकडे येतो. मध्येंच एकीला वैरण घालावयाची असते. त्यासाठीं ती खुंट्यावरचा हात काढते, सुपांतून मूठभर ज्वारी घेते व जात्याच्या तोंडांत सोडते. तेवढ्या एक-दोन फेऱ्यांत दुसरीनें दगडहि निभावायचा आणि ओळहि निभावायची असते. शार्ङ्गदेवाचा चौथा गुण तो हाच. देवगिरीच्या हिशेबनिसानें तो संस्कृतांत लिहिला. ज्वारी दळणाऱ्या बाईला तो कोणीं शिकविला नाहीं, दगडानें शिकविला. ज्यानें ओवीला आपल्या प्रबंधांत जागा दिली, त्याच्या कानांनीं हा निभाव टिपला नसेल असें मला वाटत नाहीं.

जात्याचा घरघर असा खालचा नाद सतत चालूं असतो. मेळ्यांतला खर्ज म्हणावा तर तो. हात ओढतांना बांगड्या किणकिणतात. तो बारीक ताल. आणि मधला सारा भाग दोन कंठांचा. कोणी म्हणेल, मग येथें वाद्य आहेच. जातें हेंच वाद्य. हें म्हणणें मला पटत नाहीं. वाद्याचें काम वाजणें हें असतें, जात्याचें काम दळणें हें आहे. त्याला वेग गाणाऱ्याच देतात, आणि दाणा जाड-बारीक, ओला-सुका जसा असेल तसा तो वेग त्याच्याकडून परत घेतात. ठेका धरून बसलेला तबलजी गायकाला वाट दाखवितो. जातें दाखवीत नाहीं. दोघींचीं मनें एक झालीं नाहींत तर तें नुसतें अडतें.

ओवीला छंदःशास्त्रकार शिथिल छंद म्हणतात. कागदावर तें खरेंच आहे. स्त्रियांच्या ओवींत एका ओळींत आठ अक्षरें येतात, पुढच्या ओळींत बारा. कोणत्याहि गणांत तीं बसत नाहींत. परंतु जात्यावर ऐकतांना ओवी कोठेंहि सैल वाटत नाहीं. कारण तेथें माप अक्षरांचें नसून फेऱ्यांचें असतें. अक्षरें कमी पडलीं तर स्वर लांबतो, किंवा 'ग', 'बाई', 'सये' असे शब्द मध्यें येतात. हे शब्द अर्थाला निरुपयोगी असले तरी तालाला अत्यावश्यक आहेत. हात ज्या क्षणीं खुंटा आपल्याकडे ओढतो, नेमक्या त्या क्षणीं 'ग' पडतो. तबल्याच्या भाषेंत बोलायचें तर ती थाप आहे; ती कातड्यावर न पडतां कंठांतून पडते एवढेंच.

आणि दुर्दैव असें कीं, ओव्या छापतांना आम्हीं आधीं टाकून दिलें तें हेंच. ओव्या गोळा करणाऱ्या विद्वानांचे उपकार मराठी माणूस विसरणार नाहीं. साने गुरुजींनीं 'स्त्री जीवन' सिद्ध केलें, सरोजिनी बाबर यांनीं लोकसाहित्याचे खंडामागून खंड काढले. त्यांच्यावांचून आमच्या हातीं कांहींच उरलें नसतें. पण छापील पानावर ओवी कवितेसारखी उभी राहते. दुसरीनें उचललेली ओळ पुनरुक्ति म्हणून गळते, 'ग' आणि 'बाई' भरतीचे शब्द म्हणून गळतात, दम घेण्याच्या जागेला तर चिन्हच नाहीं. मायलेकींचें प्रेम, माहेरची ओढ, पंढरीची वाट हें सारें पानावर उतरतें. दोघींचा मेळ उतरत नाहीं. मग समीक्षक त्यांतील करुणरसाची चर्चा करतो, आणि तालाचा इतिहासकार त्या पानाकडे पाहतहि नाहीं. गी पॉयतेवाँ आणि हेमा राईरकर यांनीं पुढें जो प्रचंड संग्रह केला, त्याची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांतील पुष्कळ ओव्यांचें ध्वनिमुद्रणहि झालें, आणि आज 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संग्रहांत त्या ऐकावयास मिळतात. बीड जिल्ह्यांतील माजलगांवच्या बायकांचे आवाज त्यांत आहेत. छापील ओवी आणि त्या ध्वनिमुद्रिका शेजारीं ठेवून कोणीहि तासभर बसावें. मी म्हणतों तो फरक त्याला सांगावा लागणार नाहीं.

येथें जनाबाईची आठवण होणें अपरिहार्य आहे. ती गंगाखेडची, नांदेडच्या वरच्या अंगाला गोदाकांठीं हें गांव आहे. विठ्ठल तिला दळूं लागे, ही कथा सर्वांना ठाऊक आहे, आणि तिच्यांतील भक्तिभाव कीर्तनकार रंगवून सांगतात. परंतु ही कथा जात्यापाशींच कां जन्मली? देवानें तिचें पाणी भरलें, शेण्या वेंचल्या हेंहि सांगतात. पण लोकांच्या मनांत ठसलें तें दळण. जातें हें दोघांचें काम आहे. एकटी दासी पहांटे जात्यापाशीं बसली, तर समोरची जागा रिकामी दिसते. आणि रिकाम्या जागेंत कोणाला तरी बसविल्यावांचून ओवी पुरी होत नाहीं. जनीनें तेथें विठ्ठलाला बसविलें.

जात्याला निदान दगडाची सोबत होती. निव्वळ तोंडाच्या तालाचा मासला पाहावयाचा असेल तर मुलींच्या खेळांकडे गेलें पाहिजे. मराठवाड्यांत नागपंचमीचा सण मुलींचा. फेर धरतात, झिम्मा होतो, फुगडी होते. ढोलकी कोणी आणीत नाहीं. फुगडी भरांत आली म्हणजे खेळणाऱ्या मुली तोंडानें 'पक् पक्' असा आवाज काढतात. त्याला 'पकवा घालणें' असें नांव आहे. नांव असणें ही लहान गोष्ट नव्हे. ज्या क्रियेला भाषेनें स्वतंत्र शब्द दिला, ती क्रिया लोक जाणून-बुजून, चांगली-वाईट अशी पारख करून करीत होते, असाच त्याचा अर्थ. पकवा ऐकणाऱ्याला केवळ गंमत वाटते, पण त्याची घडण शास्त्रशुद्ध आहे. पकार ओठांचा, ककार कंठाचा. तोंडाच्या दोन टोकांचे हे दोन वर्ण. एक उच्चारीत असतां दुसऱ्याची तयारी करतां येते, म्हणून ते कितीहि वेगानें एकाआड एक काढतां येतात व एकमेकांच्या पायांत येत नाहींत. बांसरीवाला जलद स्वर काढतांना जिभेनें असेच दोन जागचे वर्ण फुंकरींत मिसळतो. पाश्चात्त्य देशांत तोंडानें ढोल वाजविणाऱ्या 'बीटबॉक्स' गायकाचीं मुळाक्षरेंहि याच कुळांतलीं: ओठांचा ठोका, दांतांचा ठोका, कंठाचा ठोका. त्यानें आमच्या मुलींकडून तें घेतलें असें म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाहीं. माणसाचें तोंड सर्वत्र सारखेंच, तेव्हां युक्तीहि सारखीच सुचणार. परंतु दमछाक करणाऱ्या फेऱ्यांत, पाय एका बिंदूभोंवतीं फिरत असतां, दोघींनीं एकाच वेळीं पकवा घालणें हें व्यासपीठावर ध्वनिवर्धक तोंडाशीं धरून ठोके काढण्याहून सोपें आहे असें कोणी समजूं नये. एकनाथांनीं भारुडांत फुगडी-पिंग्याचीं रूपकें योजलीं तीं श्रोत्यांना हा खेळ अंगांत भिनलेला होता म्हणूनच.

पुरुषांच्या बाजूस असेंच कांहीं आहे, पण तेथें वाद्यांची सोबत लवकर आली, म्हणून त्याविषयीं थोडक्यांतच सांगतों. ज्वारीच्या काढणीला भलरी म्हणतात. एक सांगतो, बाकीचे उचलतात, आणि विळे त्या उचलण्याबरोबर चालतात. पोवाड्यांत झीलकरी असतात. शाहिराचा दम संपतो तेथें त्यांची 'जी जी' सुरू होते आणि तो पुन्हां उभा राहीपर्यंत ती चालते. डफ-तुणतुणें बाजूला ठेवून पाहिलें तर झीलकरी हा शार्ङ्गदेवाचा समगायकच आहे. नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवच्या यात्रेंत खंडोबापुढें वाघ्या-मुरळी उभीं राहतात, तेथेंहि ही उचल ऐकूं येते. दिंडींत टाळ-मृदंग असतो, पण पाऊल हाच खरा ताल, हें चाललेल्या माणसाला ठाऊक असतें. या पावलाच्या तालाला एकदां राजकीय मोलहि आलें. निजामाच्या राज्यांत १९३८ सालीं औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजांत आणि हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांना 'वंदे मातरम्' म्हणण्याची मनाई झाली. मुलांनीं तें म्हटलें, त्यांना काढून टाकण्यांत आलें, आणि त्यांपैकीं पुष्कळांना नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. ज्या गाण्याला वाद्य लागत नाहीं, तें जप्त करण्यास हाताशीं कांहींच सांपडत नाहीं, हें त्या दिवसांत राज्यकर्त्यांनाहि कळून आलें असेल.

पिठाची गिरणी खेड्यांत आली ती आधीं तेलाच्या इंजिनावर आणि मग विजेवर. तिच्याविरुद्ध एक अक्षरहि लिहिण्याचा माझा विचार नाहीं. पहांटे तीनला उठून दोन पायल्या ज्वारी दळणें हें काव्य नव्हतें, कष्ट होते. ज्या बायकांनीं तें केलें त्यांपैकीं एकीनेंहि तें परत यावें असें म्हटल्याचें माझ्या ऐकण्यांत नाहीं. गाण्याचे रसिक जात्यासाठीं हळहळतात ते बहुधा दळण न केलेले असतात. पण जातें गेल्यावर ओवीचें काय झालें, हें पाहण्यास हरकत नसावी. संग्राहकापुढें बसून म्हातारी एकटी ओवी म्हणते तेव्हां शब्द सारे बरोबर असतात, चालहि तीच असते. लय मात्र हळू हळू सैल होते, ओळीच्या शेवटीं ती थांबते आणि समोर पाहते. ओळ उचलणारी तेथें नसते. शेजारची एखादी म्हातारी येऊन बसली कीं तेंच गाणें क्षणांत आवळून येतें. हातांत खुंटा नसला तरी दोघींचे खांदे हलूं लागतात. या दोन अवस्थांतलें अंतर ज्याला मोजतां येईल त्यानें तें अवश्य मोजावें. आमच्या विद्यापीठांतून लोकसाहित्यावर प्रबंध होतात ते बहुतेक शब्दांवर. नांदेडच्या विद्यापीठाची स्थापना १९९४ सालची. त्याच्या कक्षेंतील नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांत जात्यावर दळलेल्या बायका अजून हयात आहेत, सत्तरी-ऐंशीच्या घरांत. दोघींना समोरासमोर बसवून, एकीचा आवाज एका यंत्रांत व दुसरीचा दुसऱ्यांत असा घ्यावा, म्हणजे कोण कोठें दम घेतें आणि कोण कोठें निभावतें हें उघड दिसेल. याला मोठा खर्च नाहीं. मुलांच्या खिशांतल्या दूरध्वनींवर हें काम होण्यासारखें आहे. आणि तोंडानें ताल धरण्याची हौस असलेल्या त्या मुलांनींच तें केलें, तर त्यांच्या मेळ्यालाहि त्यांतून कांहीं मिळेल. दम चोरून घेण्याची ही तालीम त्यांना पडद्यावर मिळणें कठीण.

एक प्रसंग मात्र असा उरला आहे कीं, त्याला गिरणी चालत नाहीं. लग्नघरीं घाणा भरावयाचा असला म्हणजे जिन्याखालीं पडलेलें जातें बाहेर काढून धुतात, त्याला आणि मुसळाला हळकुंड-सुपारी बांधून पूजा करतात, आणि पांच सुवासिनी मिळून खुंटा धरतात. दळावयाचें फार नसतें; हळद किंवा मूठभर धान्य. बाहेर मंडपांत कर्णा ओरडत असतो. घरांतली वडील बाई ओवी सांगूं लागते, आणि शहरांतून आलेल्या सुना व भाच्या हंसत हंसत जातें ओढतात. शब्द त्यांना येत नाहींत. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यापासून 'ग' मात्र त्या बरोबर जागीं टाकतात.